कहव्याच्या झुडपाची हिजरत

आमच्या लहानपणी कोकणातल्या घरात दोन प्रकारची कॉफी होत असे. एक नेहमीची. दुधात उकळलेली, भरपूर साखर आणि वरून जायफळ किसून घातलेली. ती पाहुण्यांसाठी, किंवा घरात कुणाला सर्दी-पडसे झाले तर. दुसरी कॉफी वर्षा-दोन वर्षांतून एकदाच होई. कुवेतहून चाचा सुटीवर आले की त्यांच्या सामानातून ती येई. फिकट सोनेरी रंगाची, वेलदोड्याच्या वासाची, बिनदुधाची आणि बिनसाखरेची. चाचा ती बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात ओतत आणि सोबत खजूर ठेवत. पुरे असेल तर पेला हातात थोडा हलवायचा, नाहीतर यजमान पुन्हा ओततच राहतो, हा अरबांचा रिवाजही त्यांनीच शिकवला. दादी एक घोट घेई आणि म्हणे, "हा तर कडू काढा!" चाचा हसत आणि सांगत, "दादी, हाच खरा कहवा. तुमची ती जायफळवाली याचीच पणती."

चाचांचे ते वाक्य चेष्टेचे होते, पण इतिहासाच्या दृष्टीने अक्षरशः खरे होते. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला 'बुंद' किंवा 'बुंददाणा' म्हणत. हा शब्द अरबी 'बुन्न'वरून आला. 'कॉफी' हे नाव अरबी 'कहवा', तुर्की 'कहवे' अशी वाटचाल करीत युरोपात गेले आणि इंग्रजांबरोबर परत आपल्याकडे आले. म्हणजे ज्या पेयाला आपण विलायती समजतो, त्याची दोन्ही नावे मुस्लिम जगातून आलेली आहेत. नावेच नव्हेत, तर ते पिण्याची रीत, ते पिण्याच्या सार्वजनिक जागा आणि हिंदुस्थानात त्याची लागवड या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी सूफी, हाजी आणि फकीर आहेत. हा वारसा आपल्या वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

एक सदाहरित झुडूप

कॉफीचे झाड खरे तर झुडूपच. मोकळे वाढू दिले तर ते दोन पुरुष उंच होते. पण मळ्यात छाटून छाटून ते हाताच्या टप्प्यात ठेवतात. पाने बारमाही हिरवी, गडद आणि चकचकीत. मार्च-एप्रिलात वळवाची एखादी चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत फांद्याफांद्यांवर पांढरी फुले उमलतात आणि साऱ्या डोंगराला मोगऱ्यासारखा वास सुटतो. फुले दोन-तीन दिवसच टिकतात. त्यानंतर धरलेले हिरवे फळ पिकून लाल व्हायला आठ-नऊ महिने लागतात. एका फळात सहसा दोन बिया असतात, एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या. ह्याच त्या बुंददाण्याच्या दोन डाळी.

आज जगात मुख्यतः दोन जातींची लागवड होते. अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका नाजूक, थंड डोंगर आणि सावली मागणारी. चवीला सौम्य आणि भावाला महाग. रोबस्टा दणकट, सखल भागात येणारी, कडवट आणि अधिक उत्पन्न देणारी. अरेबिका या नावामुळे हे झाड अरबस्तानचे असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्याची जन्मभूमी इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगले ही आहे. तिथे ते आजही मोठ्या वृक्षांच्या सावलीत आपोआप उगवते. लाल समुद्र ओलांडून ते येमेनमध्ये आले आणि येमेनी शेतकऱ्यांनी डोंगरउतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या रचून त्याची पद्धतशीर शेती केली. जंगलातल्या झुडपाला पीक बनवले ते येमेनने. म्हणून 'अरेबिका' हे नाव अगदीच चुकीचेही नाही.

शेळ्या उड्या मारू लागल्या आणि त्यावरून एका गुराख्याला कॉफीचा शोध लागला, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. ही कथा लिखित स्वरूपात प्रथम आढळते ती १६७१ साली, रोममधल्या एका मॅरोनाइट ख्रिस्ती प्राध्यापकाच्या लॅटिन पुस्तकात. कॉफीवर लिहिणाऱ्या अरब लेखकांना शेळ्यांची ही कथा ठाऊक नाही. ते सांगतात ती हकिकत वेगळी आहे, आणि ती अधिक विश्वसनीय आहे.

खानकाहतला पेला

अब्दुल कादिर अल-जझीरी या विद्वानाने इसवी सन १५५८ च्या सुमारास कहव्याच्या वैधतेवर एक ग्रंथ लिहिला. एका पेयाच्या बचावासाठी आख्खा ग्रंथ लिहावा लागला, यावरूनच त्या काळी वाद किती पेटला असेल याची कल्पना यावी. जझीरींनी आधीच्या लेखकांच्या आधारे जी माहिती दिली आहे, तिचा सारांश असा की, पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी हे पेय प्रचारात आणले. एडनचे फकीह जमालुद्दीन अल-धभानी (मृत्यू १४७०) यांचे नाव ते घेतात. मोखा बंदराची लोकपरंपरा मात्र हे श्रेय शेख अली बिन उमर अल-शाज़ली यांना देते.

सूफींना कहवा कशासाठी हवा होता? रात्रीच्या ज़िक्रसाठी जागे राहता यावे म्हणून. हे सूफी सगळेच काही संसारत्यागी नव्हते. दिवसा ते दुकान चालवत, सुतारकाम करत, विणकाम करत आणि रात्री खानकाहत जमत. दिवसभर कष्ट करून पुन्हा रात्र जागवायची, तर शरीराला काहीतरी आधार हवाच. कैरोत अल-अज़हरच्या परिसरात राहणारे येमेनी सूफी सोमवारी आणि शुक्रवारी रात्री तांबड्या मातीच्या मोठ्या भांड्यात कहवा ठेवत. त्यांचा मुर्शिद लहानशा पळीने तो काढी आणि उजव्या हाताने पेला पुढे जाई. मुखाने ज़िक्र चालूच असे.

त्या लोकांनी यात अंकांचे सौंदर्यही शोधले होते. अबजदच्या हिशेबाने 'कहवा' या शब्दातील अक्षरांची बेरीज ११६ होते. अल्लाहच्या नावांपैकी 'कवी' म्हणजे सामर्थ्यवान, या नावाची बेरीजही ११६ च. म्हणून कहवा घेताना 'या कवी' हे नाव ११६ वेळा उच्चारण्याची प्रथा काही सूफींमध्ये होती. पेला हातात घ्यायचा तो चैनीसाठी नव्हे, इबादतीचे बळ मागण्यासाठी, असा त्यामागचा भाव.

मक्केतला खटला

पण 'कहवा' हा शब्द जुन्या अरबी काव्यात मद्यासाठीही वापरला जाई. नावातच संशय होता. शिवाय पेला हातोहात फिरवण्याची रीत मद्याच्या मैफिलीसारखी दिसे. १५११ साली मक्केत ममलूक सुलतानांचा मुहतसिब, म्हणजे बाजार व नीतीवर देखरेख करणारा अधिकारी, खैर बेग याने काही लोकांना रात्री हरम शरीफच्या परिसरात कहवा पिताना पाहिले. त्याने उलेमांची सभा बोलावली. दोन हकीमांनी साक्ष दिली की, हे पेय शरीराच्या प्रकृतीला अपायकारक आहे. मनाईचा हुकूम निघाला. रस्त्यावर बुंद जाळण्यात आला आणि पिणाऱ्यांना शिक्षा झाल्या.

प्रकरण कैरोला सुलतान कानसूह अल-ग़ौरी यांच्याकडे गेले. तिथून आलेला हुकूम खैर बेगला हवा होता तितका कडक नव्हता. जमावात काही गैर प्रकार होत असतील तर ते थांबवा. पण पेयावर सरसकट बंदी नको, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी खैर बेगची त्या पदावरून गच्छंती झाली.

वाद एवढ्यावर थांबला नाही. १५३० च्या दशकात कैरोत एका वाइज़च्या प्रवचनाने चिथावलेल्या जमावाने कहवाखान्यांवर हल्ले केले. तेव्हा तेथील एका काझींनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी ग्रंथांच्या जोडीला अनुभवाचाही कौल घेतला. काही लोकांना आपल्यासमोर बसवून कहवा पाजला, त्यांच्याशी बराच वेळ बोलत राहिले आणि कुणाची शुद्ध हरपते का, कुणी बरळतो का, हे स्वतः पाहिले. तसे काहीही झाले नाही. तेव्हा त्यांनी निवाडा दिला की कहवा मादक नाही, म्हणून हराम नाही.

चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजही वाचण्यासारखा आहे. नवी गोष्ट समोर आली की आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक म्हणतो, बापजाद्यांनी केले नाही म्हणून निषिद्ध. दुसरा म्हणतो, नवे आहे म्हणून डोळे मिटून घ्या. त्या काझींनी तिसरी वाट दाखवली. जे मुळात मुबाह आहे त्याला हराम ठरवायचे तर पुरावा लागतो, आणि पुरावा पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. हीच ती इज्तिहादी वृत्ती. तिच्याविषयी आपण भाषणे पुष्कळ करतो, आचरण कमी.

राज्यकर्त्यांची भीती

इस्तंबूलमध्ये पहिला कहवाखाना १५५५ च्या सुमारास उघडला. अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोन व्यापाऱ्यांनी तो काढला, असे तुर्की इतिहासकार पेचेवी लिहितात. थोड्याच काळात शहरभर कहवाखाने झाले. तिथे मुदर्रिस, काझी, शायर, शिपाई, दुकानदार एकाच बाकावर बसत. बुद्धिबळ चाले, किस्से चालत, पुस्तके वाचली जात आणि दरबाराची निंदाही चाले. मशिदीबाहेर सामान्य माणसाला बसून बोलण्यासाठी मिळालेली ही नवी जागा होती.

इथेच राज्यकर्त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सुलतान मुराद चौथा याने १६३३ साली कहवाखाने बंद करवले आणि हुकूम मोडणाऱ्यांना अत्यंत क्रूर शिक्षा दिल्या. हे केवळ मुस्लिम राज्यकर्त्यांचेच वेड नव्हते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि लोकांचा संताप पाहून पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. एकीकडे सुलतान, दुसरीकडे प्रोटेस्टंट देशाचा राजा. भीती मात्र एकच. पेल्यातल्या काळ्या पाण्याची भीती दोघांनाही नव्हती. पेल्याभोवती बसून बोलणाऱ्या माणसांची भीती होती. धर्म, नीती, आरोग्य ही कारणे बहुधा वरवरची असतात.

आपल्या देशातही कहवाखाने होते. जहाँगीरच्या काळात आलेला इंग्रज पाद्री एडवर्ड टेरी इथले मद्य न पिणारे लोक कॉफी पितात असे नोंदवतो. अठराव्या शतकात दरगाह कुली खान यांनी दिल्लीचे वर्णन लिहिले, त्यात चांदणी चौकातील कहवाखान्यांत जमणाऱ्या शायरांचा उल्लेख आहे. सुरत, चौल, दाभोळ या आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची लाल समुद्राशी जुनी ये-जा होती. कापड तिकडे जाई आणि परतीच्या गलबतांतून हाजी येत, घोडे येत, बुंदही येई. पण येई तो भाजण्यासाठी, पेरण्यासाठी नव्हे.

सात बिया

सतराव्या शतकापर्यंत कॉफीचा व्यापार जवळपास संपूर्णपणे येमेनच्या हातात होता. डोंगरातला माल बैत-अल-फकीहच्या बाजारात येई आणि तिथून मोखा बंदरात. उगवू शकेल असे बी बाहेर जाऊ नये यासाठी दाणे उकडून किंवा भाजून विकत, असे सांगतात.

हा पहारा चुकवला एका फकिराने. परंपरा सांगते की, कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरात राहणारे सूफी बाबा बुदन हजहून परतताना येमेनमधून सात बिया घेऊन आले आणि त्यांनी त्या आपल्या गुहेजवळच्या उतारावर लावल्या. काळ सहसा १६७० च्या आसपासचा सांगितला जातो. बिया सातच का? सात तवाफ, सफा-मरवामधल्या सात फेऱ्या, हे ज्याने नुकतेच पूर्ण केले आहे त्याला सात हा आकडा परका नाही. कुणी म्हणतात बिया कमरेला बांधून आणल्या, कुणी म्हणतात दाढीत लपवल्या. श्रद्धेच्या कथेत असे तपशील वाढत जातातच.

पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर या कथेत एक खडतर अट दडलेली आहे. कॉफीचे बी गव्हा-ज्वारीसारखे वर्षभर टिकत नाही. ते वाळून कडक झाले की उगवण्याची ताकद गमावते. वरचे कागदासारखे साल शाबूत ठेवले तरच काही महिने जिवंत राहते. म्हणजे ज्याने ते आणले त्याला बी कसे निवडावे आणि कसे राखावे हे ठाऊक होते. त्याने ते ताजे घेतले, पावसाळी वारे साधून दर्या ओलांडला आणि वेळेत सावलीच्या, ओलसर, थंड डोंगरावर पोचवले. समुद्रसपाटीपासून बाराशे-पंधराशे मीटरवरचे ते उतार अरेबिकाला जणू येमेनपेक्षाही मानवले. हे काम चमत्कारापेक्षा कमी नाही. मात्र तो चमत्कार जाणकार हाताचा होता.

पुढचा इतिहास नोंदलेला आहे. डचांनी १६९० च्या दशकात मलबार किनाऱ्यावरून रोपे जावाला नेली. १६९६ ची रोपे पुरात गेली, १६९९ ची जगली. जावाचे एक रोप १७०६ साली ॲमस्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात पोचले. त्याच्या वंशातले एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट मिळाले आणि तिथून ती जात अमेरिका खंडात गेली. १७२७ मध्ये ब्राझीलला फ्रेंच गयानातून बी मिळाले. अमेरिकेतील जुन्या 'टिपिका' वाणाची ही वंशावळ पाहिली म्हणजे येमेन-मलबार-जावा हा दुवा किती मोलाचा होता हे कळते.

साम्राज्यांच्या मळ्यात

इथून कहव्याची कहाणी काळवंडते. ज्या झुडपाला फकिराने कुणाचेही शोषण न करता लावले, ते साम्राज्यांच्या हाती पडल्यावर गुलामांच्या रक्तावर वाढू लागले. १७८० च्या दशकाच्या अखेरीस जगातील जवळपास निम्मी कॉफी कॅरिबियनमधल्या सेंट डोमिंग या एका फ्रेंच वसाहतीतून येत होती, आणि ती पिकवत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. १७९१ साली त्यांनी बंड केले, मळे पेटवले आणि १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपायला १८८८ साल उजाडले. जावात डचांनी १८३० पासून सक्तीची लागवड लादली. तिथला शेतकरी बहुतांशी मुसलमान. स्वतःच्या भाताच्या वेळी त्याला सरकारी कॉफी तोडावी लागे. या जुलमावर १८६० साली 'मॅक्स हावेलार' ही डच कादंबरी निघाली आणि तिने हॉलंडचे मन हलवले.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चिकमगळूर, कुर्ग, वायनाड, निलगिरीत मोठे मळे काढले. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या डोंगरावर कॉफी लावली गेली आणि तिथे ती आजही दिसते. १८६९ पासून तांबेरा रोगाने सिलोनचे मळे उद्ध्वस्त केले आणि ते बेट चहाकडे वळले. हिंदुस्थानातही तांबेरा आला. पण इथे तग धरला गेला. १९२५ मध्ये बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र निघाले, रोगाला तोंड देणारे वाण आले, सखल भागात रोबस्टा पसरली.

आज भारतात वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन कॉफी होते. त्यात कर्नाटकाचा वाटा सर्वांत मोठा. बहुसंख्य बागायतदार लहान शेतकरी आहेत. आपल्याकडची कॉफी अजूनही सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, फणस, जंगली झाडे, खोडांवर मिरीचे वेल, खाली कॉफी. एकाच जमिनीत उंच, मध्यम, ठेंगणे सारे एकमेकांच्या आधाराने उभे. उघड्या उन्हात अरेबिकाला खोडकिड्याचा त्रास वाढतो. सावलीत ती टिकते. आणि तिकडे येमेनमध्ये? तिथल्या कित्येक पायऱ्यांवर कॉफी उपटून कात लावला गेला, आणि २०१४ पासूनच्या युद्धाने उरलेल्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. ज्याने जगाला पेला दिला त्याच्याच घरी आज भाकरीची भ्रांत आहे.

गुहेचे दोन दरवाजे

आता मूळ डोंगराकडे परत येऊ. चंद्रद्रोण पर्वतावरच्या त्या गुहेला मुसलमान दादा हयात मीर कलंदर यांचे स्थान मानतात. हिंदू तिथे दत्तात्रेयांची गादी मानतात. स्थानाचे नावच 'श्री गुरु दत्तात्रेय बाबाबुदन स्वामी दर्गा' असे आहे. एका नावात दत्त, बाबा, स्वामी आणि दर्गा!

मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी आणि जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून परंपरेत नाव येते ते चांद बोधले यांचे. देवगिरीच्या परिसरात दत्तात्रेयांनी मलंग फकिराच्या वेशात दर्शन दिल्याची कथा आपल्या संतचरित्रांत आहे. दत्त आणि फकीर यांची सांगड महाराष्ट्राने फार पूर्वीच घातली आहे.

तरीही गेली काही दशके हा डोंगर वादात सापडला आहे. गुहेतले विधी कुणी करायचे यावर खटले चालले. मुजावरांनाच आत विधी करू देणारा २०१८ चा सरकारी आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केला. २०२२ मध्ये तिथे हिंदू अर्चकही नेमले गेले. दत्तजयंतीच्या दिवसांत डोंगरावर पोलिसांचा बंदोबस्त लागतो. ज्या वाटेने दोन्हीकडचे भाविक नवस घेऊन चढत, ती वाट आता तणावाची बातमी होते. न्यायालय हक्क ठरवील, ते त्याचे काम आहे. पण शेजार कसा ठरणार? तो कुठल्याही निकालपत्रात लिहून मिळत नाही.

२०१९ मध्ये 'बाबाबुदनगिरी अरेबिका' कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे सरकारी कागदावर, व्यापाराच्या पाकिटावर, परदेशी दुकानाच्या फळीवर त्या फकिराचे नाव सन्मानाने आहे. बाजाराला त्यांच्या नावाची अडचण नाही, कॉफी पिणाऱ्याला नाही, झुडपाला तर नाहीच. अडचण आपल्या मनात आहे.

आपल्या समाजाला मी एवढेच सांगेन की, हा वारसा मिरवण्यासाठी नाही, पुढे चालवण्यासाठी आहे. बाबा बुदन हजहून येताना आब-ए-ज़मज़म आणि खजूर तर आणत असतीलच. पण त्यांनी सर्वांच्या उपयोगी पडेल असे बीही आणले. ज्या मातीत राहतो त्या मातीत ते लावले आणि फळ कोण खाईल हे विचारले नाही. कॉफीच्या रोपाला पहिले फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. लावणाऱ्याकडे सबर लागतो.

चाचा आता नाहीत, दादीही नाही. चाचांचा तो पितळी दल्ला मात्र घरात आहे. कधी कुणी पाहुणे आले तर मी त्यात चिकमगळूरची पूड आणि दोन वेलदोडे घालून कहवा करतो. पाहुणा कुठल्या धर्माचा, कुठल्या जातीचा, हे पेला विचारत नाही. तो फक्त उजव्या हाताने पुढे करायचा असतो.